संगणक मंदावला? आधी त्याचे आकडे वाचा

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला संपते आणि ३-बीची २० तारखेला. या तारखांच्या आगेमागे बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांच्या ऑफिसांत एक तक्रार हमखास असते : कॉम्प्युटर हँग होतोय. माल भरून गाडी गेटवर उभी, ई-वे बिल निघत नाही आणि ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी दारातून डोकावून जातो. मग ठरलेले तीन उपाय पुढे येतात. कोणी म्हणतो फॉर्मॅट मारा, कोणी म्हणतो रॅम वाढवा आणि मालक वैतागून म्हणतो, नवाच घेऊन टाका. हे तिन्ही उपाय कधी ना कधी बरोबर असतात. पण आज, या मशीनला, यातला कोणता लागू पडतो हे कोणी पाहिलेलेच नसते. नवे लेथ घेण्याआधी माल नेमका कुठल्या मशीनपाशी तुंबतो हे शॉपफ्लोअरवर उभे राहून बघणारा मालक कॉम्प्युटरवर मात्र अंदाजाने खर्च करतो. कामाची गती सगळ्यात तुंबलेल्या जागी ठरते. ती जागा सोडून बाकी काहीही सुधारले तरी उत्पादन एका नगाने वाढत नाही. कॉम्प्युटरचे गणितही हेच आहे आणि तुंबलेली जागा दाखवणारी साधने विंडोजमध्ये आधीपासून फुकट बसवलेली आहेत. ती वाचल्याशिवाय मशीनवर एक रुपयाही घालू नये, असे माझे म्हणणे आहे.

पहिले साधन टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ते उघडते. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून ते विंडोजसोबत येते आहे, तरी बहुतेक ऑफिसांत त्याचा एकच उपयोग माहीत असतो : अडकलेला प्रोग्रॅम मारणे. खरा उपयोग वाचण्याचा आहे, आणि वाचायची वेळ महत्त्वाची. टेक्निशियन संध्याकाळी येतो तेव्हा मशीन गुपचूप नीट चालत असते, म्हणून तोही अंदाजच करतो. मोजमाप मशीन अडलेले असतानाच घ्यायला हवे, आणि त्या वेळी समोर तुम्हीच असता. 'प्रोसेसेस' या पानावर सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने असतात व प्रत्येकाच्या डोक्यावर एकूण टक्केवारी. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केले की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. चारपैकी कोणता आकडा नव्वदच्या पुढे टेकून बसला आहे, एवढेच पहिल्या मिनिटात बघायचे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी : 'डिटेल्स' पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नव्वद-पंच्याण्णव दाखवत असेल तर घाबरून तिच्यामागे लागू नका. तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे. तो आकडा जितका मोठा तितका प्रोसेसर निवांत.

जुन्या मशीनवर हा शोध बहुतेकदा डिस्कपाशी येऊन थांबतो, म्हणून तिथे जरा थांबू. 'परफॉर्मन्स' पानावर डावीकडे डिस्क निवडा. 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्के आणि त्याच वेळी वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही, असे चित्र दिसले तर अनेकांना ते मीटरच बिघडले असे वाटते. ते बिघडलेले नाही. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचक सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, आणि सुई त्या पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ. एका ठिकाणचे वाचायला असे बारा-तेरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी चार केबीचा तुकडा असेल तर सेकंदाला हाती लागतात तीनशे केबी. सलग एक मोठी फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या वर जाते, पण ऑफिसचे काम सलग नसते. हिशेबाचे सॉफ्टवेअर, ब्राउझर, अँटिव्हायरस आणि विंडोजचे अपडेट हे चौघे एकाच वेळी डिस्कच्या चार कोपऱ्यांतले तुकडे मागतात आणि सुई इकडून तिकडे धावत राहते. त्याच पानावरचा 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' सतत २०-२५ मिलिसेकंदांच्या वर, कधी शेकड्यांत, जात असेल तर तुंबलेली जागा सापडली असे समजा. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिथे हाच आकडा एक मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक एसएसडीने पडतो असे जे म्हणतात, ते या हिशेबामुळे. तुमच्या मशीनला तो फरक पडेल का, हे मात्र हा आकडा पाहिल्यावरच कळेल. डिस्क कोणत्या प्रकारची आहे तेही विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये त्याच पानावर, 'एचडीडी' किंवा 'एसएसडी' असे, लिहिलेले असते. डबा उघडायची गरज नाही.

डिस्क कोण खातो हे टास्क मॅनेजर सांगतो; नेमकी कोणती फाइल चाललीय हे 'रिसोर्स मॉनिटर' सांगतो. स्टार्टच्या शोधखिडकीत हे नाव इंग्रजीत टाइप केले की ते सापडते. त्यातल्या डिस्कच्या पानावर प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता आणि तिला लागणारा प्रतिसादवेळ दिसतो. इथे बऱ्याचदा गंमत दिसते. एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस आहेत आणि दोघेही हिशेबाच्या फोल्डरमधल्या त्याच फायली पुन्हा पुन्हा तपासत आहेत, किंवा क्लाउडवर बॅकअप घेणारा प्रोग्रॅम नेमका भर दुपारी चालू आहे. अशा वेळी उपाय फुकट आहे : एक अँटिव्हायरस काढणे, बॅकअपची वेळ जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री नेणे. मोजमाप न करता इथे एसएसडी घातली असती तर फरक पडला असता, नाही असे नाही, पण पैसे खऱ्या कारणावर गेले नसते.

मेमरीबद्दलचा गैरसमज सर्वात चिवट आहे. ७५-८० टक्के मेमरी वापरात दिसली की रॅम कमी पडतेय असा निष्कर्ष लगेच निघतो. विंडोज रिकामी मेमरी मुद्दाम रिकामी ठेवत नाही. लागतील अशा फायली तिच्यात आणून ठेवते आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला जागा लागली की त्या सोडून देते. 'कॅश्ड' असे लिहिलेला आकडा तो हाच. खरी टंचाई ओळखायची असेल तर 'कमिटेड' पाहा. तिथे दोन आकडे तिरक्या रेघेने जोडलेले असतात. पहिला दुसऱ्याला भिडू लागला, त्याच वेळी 'अव्हेलेबल' शेकडो एमबीवर उतरला आणि रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी पानावर 'हार्ड फॉल्ट्स'चा आलेख सतत शेकड्यांत राहिला, तर रॅम खरोखरच अपुरी आहे. कारण मग विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकत आणि परत आणत असते, आणि ती डिस्क तबकडीची असेल तर वरचा ऐंशी ठिकाणांचा हिशेब आड येतो. या तिन्ही खुणा नसतील तर रॅमवर घातलेला पैसा जवळजवळ वाया. घेणारच असाल तर मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' वाचा. दोनपैकी एक वापरात असेल तर दुसरी पट्टी बसते, दोन्ही भरलेले असतील तर जुनी काढावी लागते. आणि सेटिंग्जमधले 'अबाउट' पानही पाहा : वजनकाट्यावरच्या किंवा स्टोअरमधल्या जुन्या मशीनवर ३२ बिटचे विंडोज असेल तर ते चार जीबीच्या वरची रॅम वापरूच शकत नाही. तिथे आठ जीबी घातलेत तरी चारच चालणार.

आता बुटीबोरीची खास गोष्ट, उन्हाळा. मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडमधल्या केबिनमध्ये दुपारी काय होते ते इथे काम करणाऱ्याला सांगायला नको. प्रोसेसरवरचा पंखा आणि धातूचे पाते खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करू शकत नाहीत. ठरावीक भाराला प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. खोली पंचविसावरून पंचेचाळीसवर गेली तर प्रोसेसरही साधारण वीस अंशांनी वर जातो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरना १०० अंशांच्या आसपास मर्यादा घातलेली असते. ती जवळ आली की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. त्यात ग्राइंडिंगची धूळ पात्यांत भरलेली आणि कूलरच्या ओलसर हवेने ती चिकटून बसलेली असली तर ही मर्यादा सकाळी अकरालाच गाठली जाते. टास्क मॅनेजर प्रोसेसरचे तापमान दाखवत नाही, ही त्याची उणीवच म्हणायची. पण खूण दाखवतो : सीपीयूच्या पानावर 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' असे दोन आकडे असतात. वापर १०० टक्के असताना स्पीड बेस स्पीडच्या वर किंवा निदान तेवढा असायला हवा. बेस २.९० गिगाहर्ट्‌झ आणि प्रत्यक्ष स्पीड १.२ वर अडकलेला, आणि वापर मात्र पूर्ण, असे दिसले तर प्रोसेसरला कोणीतरी लगाम घातला आहे. 'इव्हेंट व्ह्यूअर'मधल्या सिस्टिमच्या नोंदींत ३७ क्रमांकाची, प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने मर्यादित केल्याची नोंद असेल तर ते पक्के. लगाम उष्णतेचाच आहे की लॅपटॉपच्या बिघडलेल्या चार्जरचा, हे ओळखायची सोपी रीत अशी : सकाळी नऊला आणि दुपारी तीनला तेच काम करून दोन्ही आकडे लिहून ठेवा. फक्त दुपारी घसरत असेल तर उष्णता. दोन्ही वेळेला तेवढाच असेल तर चार्जर किंवा पॉवर प्लॅन बघा. उष्णतेवरचा उपाय ब्लोअरने धूळ काढणे (पंखे हाताने धरून, मशीन बंद करून), डबा भिंतीपासून हातभर लांब आणि कूलरच्या झोतापासून बाजूला ठेवणे. या मशीनला रॅम, एसएसडी, फॉर्मॅट यांपैकी काहीही लावले तरी मे महिना संपेपर्यंत ते तसेच रडत राहील.

सीपीयूच्याच पानावर खाली 'अप टाइम' असतो आणि तो वाचून बरेच लोक चकित होतात. रोज संध्याकाळी मशीन बंद होते, तरी आकडा सतरा दिवस सांगतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आला. तो चालू असेल तर 'शट डाउन' करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद न करता डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो. मशीन लवकर सुरू होते खरे, पण ड्रायव्हरमध्ये साठलेला घोटाळाही तसाच परत येतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळे नव्याने सुरू करतो. आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा, खर्च शून्य. मशीन सुरू होतानाच रेंगाळत असेल तर टास्क मॅनेजरमधले स्टार्टअपचे पान उघडा आणि 'हाय' परिणाम लिहिलेल्या ओळींपैकी ज्यांची सकाळी गरज नाही त्या 'डिसेबल' करा. त्याने प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. अँटिव्हायरस आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा प्रोग्रॅम तेवढा सोडा.

उरला चौथा रकाना. जीएसटीचे किंवा ई-वे बिलाचे पान उघडत नाही तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये चारही आकडे खाली असतील, आणि दुसरी एखादी साइट झटक्यात उघडत असेल, तर तुमचे मशीन निर्दोष आहे. गर्दी पलीकडच्या टोकाला आहे. शेवटच्या दिवशी ती होणारच. इथे कॉम्प्युटर बदलून काही मिळणार नाही, विवरण दोन दिवस आधी भरून मिळेल. उलट हिशेबाचा डेटा दुसऱ्या मशीनवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असेल तर तुमच्या मशीनचे आकडे शांत दिसतात आणि तरी काम अडते, कारण तुंबलेली जागा त्या दुसऱ्या मशीनची डिस्क किंवा मधले वायफाय असते. मोजायचे ते तिथे.

आतापर्यंतची साधने त्या क्षणाचे सांगतात. मागचे सांगणारेही एक साधन आहे आणि ते फार कमी लोक उघडतात. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केले की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येते. गेल्या काही आठवड्यांचा आलेख, एक ते दहाच्या पट्टीवर मशीनची स्थिरता आणि ज्या दिवशी काही कोसळले त्या दिवशी लाल फुली. फुलीवर क्लिक केले की कोणता प्रोग्रॅम कोसळला ते कळते. 'विंडोज व्यवस्थित बंद झाले नाही' अशा फुल्या ओळीने दिसत असतील तर त्या तारखा लाइन गेल्याच्या तारखांशी ताडून पाहा. जुळल्या तर दोष विंडोजचा नाही, यूपीएसच्या बॅटरीचा आहे. आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या नावाने ७ क्रमांकाची, खराब ब्लॉक सापडल्याची नोंद दिसली तर वेगाचा विचार त्या क्षणी सोडा आणि आधी डेटा बाहेर काढा. वर्षाचा हिशेब ज्या डिस्कवर आहे ती जाण्याची ही पूर्वसूचना असू शकते, आणि ती नोंद कोणी वाचली नाही म्हणून कित्येकांचा डेटा जातो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे टेक्निशियनचे काम आहे, मालकाने किंवा अकाउंटंटने का करावे. दुरुस्ती टेक्निशियननेच करावी. पण मशीन अडले त्या वेळी तो तिथे नसतो, आणि मशीन उचलून तीसेक किलोमीटरवरच्या सीताबर्डीला नेले की तिथल्या एसीत, तुमचे नेटवर्क आणि तुमचा भार नसताना, ते उत्तम चालते. शिवाय डबा उघडायला कोणी सांगत नाही; हे सगळे वाचन आहे, वाचताना काही बिघडत नाही. दुसरा आक्षेप फुकटच्या 'क्लीनर' आणि 'बूस्टर' प्रोग्रॅमवाल्यांचा : एका बटणात सगळे होत असताना एवढे कशाला? याला उत्तर पुराव्यानेच द्यावे. २०१७ मध्ये सीक्लीनर या जगभर लोकप्रिय प्रोग्रॅमच्या ५.३३ या आवृत्तीत घुसखोरांनी घातक कोड बसवला आणि तो अधिकृत डाउनलोडमधूनच सुमारे २२.७ लाख मशीनवर गेला. नावाजलेल्या प्रोग्रॅमची ही कथा, तर जाहिरातीत चमकणाऱ्या बिननावाच्या बूस्टरचे काय सांगावे? रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना मायक्रोसॉफ्ट पाठिंबा देत नाही, हे कंपनीने लेखी सांगितले आहे. मुळात रजिस्ट्रीतल्या शे-दोनशे निरुपयोगी ओळी काढून ऐंशी ठिकाणे वाचणारी डिस्क एक्याऐंशी वाचू लागत नाही. डिस्क भरत आली असेल तर विंडोजचे स्वतःचे 'स्टोरेज सेन्स' तात्पुरत्या फायली काढते. 'डीफ्रॅग'सुद्धा विंडोज आपल्या वेळापत्रकाने करते, आणि एसएसडी ओळखून तिथे वेगळी, योग्य ती क्रिया करते. बाहेरून आणून एसएसडीवर जबरदस्तीने डीफ्रॅग चालवणे म्हणजे तिची झीज विकत घेणे.

फॉर्मॅटवाल्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण फॉर्मॅटने फरक पडतो हे लोकांनी पाहिलेले असते. पडतो, कारण स्टार्टअपची गर्दी, जुळे अँटिव्हायरस आणि न वापरलेले प्रोग्रॅम एका फटक्यात जातात. पण ते सगळे वरच्या रीतीने तासाभरात, डेटाला हात न लावता, काढता येते. आणि तबकडीची डिस्क, तापलेला प्रोसेसर किंवा अपुरी रॅम हे फॉर्मॅटनंतर जिथल्या तिथे असते. म्हणून महिना-दोन महिन्यांनी तीच तक्रार परत येते. फॉर्मॅट आणखी एक नुकसान करतो, त्याकडे कोणी बघत नाही : इव्हेंट व्ह्यूअरच्या आणि रिलायबिलिटीच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, म्हणजे दुखणे का होते ते सांगणारा पुरावाच जातो. एखादा अनोळखी प्रोग्रॅम रात्रंदिवस प्रोसेसर खात असेल, त्याच्या नावावर उजवे क्लिक करून फाइलची जागा पाहिल्यावर ती टेम्प फोल्डरमध्ये निघाली आणि विंडोज सिक्युरिटीच्या ऑफलाइन तपासणीनेही तो गेला नाही, तर मात्र बॅकअप घेऊन फॉर्मॅट करा. तिथे तो योग्य उपाय आहे. क्रॅक केलेले विंडोज आणि सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या मशीनवर ही वेळ जास्त येते, हे सांगितलेले बरे.

आकडे फसवतात, हाही आक्षेप खरा आहे. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर गेली. त्याच दिवशी वर्धा रोडवर खापरीच्या कापूस संशोधन संस्थेतल्या केंद्रावर तापमान ४४ च्या आसपास होते, आणि हवामान खात्याने ५६ चा आकडा सेन्सरच्या दोषामुळे आल्याचे सांगितले. एका मीटरवर विसंबू नये, शेजारच्याशी ताडावे, हे कॉम्प्युटरलाही लागू आहे. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम अडले आणि सीपीयू फक्त १२-१३ टक्के दिसला, तर प्रोसेसर मोकळा आहे असे वाटते. मशीनमध्ये आठ लॉजिकल प्रोसेसर असतील तर त्यातला एक पूर्ण भरला आणि सात रिकामे बसले तरी सरासरी साडेबाराच येते. आलेखावर उजवे क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडले की आठ चौकटी दिसतात आणि त्यातली एक काठोकाठ भरलेली सापडते. काही सॉफ्टवेअरची काही कामे अशी एकाच प्रोसेसरवर चालतात. तिथे जास्त प्रोसेसरचे मशीन घेऊन उपयोग नाही, एकेकाचा वेग जास्त असलेले घ्यावे लागते. आकडा खोटा नव्हता, आपण चुकीचा आकडा वाचत होतो.

नवे मशीन घेणे चूक आहे असेही मला म्हणायचे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात. बँकेचे व्यवहार आणि जीएसटी ज्या मशीनवर चालते ते या कसोटीत बसत नसेल तर ते बदलणे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. पण ते कारण वेगाचे नाही, आणि दोन्ही कारणांची गल्लत झाली की कारखान्यातली पाचही मशीन एकदम बदलली जातात, त्यातली दोन फक्त धुळीने गुदमरलेली असतात.

म्हणून एक साधी वही ठेवा. मशीन नीट चालत असेल अशा एखाद्या दिवशी चार रकान्यांचे आकडे, डिस्कचा प्रतिसादवेळ आणि प्रोसेसरचा स्पीड लिहा. अडेल त्या दिवशी तेच परत लिहा, वेळेसकट. कोणताही बदल करा, पण एका वेळी एकच, आणि त्यानंतर आकडे पुन्हा घ्या. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही. पुढच्या वेळी कोणी रॅम, एसएसडी किंवा नव्या मशीनचे कोटेशन घेऊन आला, तर वही समोर ठेवून त्याला विचारा, या खर्चाने यातला कोणता आकडा बदलेल आणि किती. त्याला उत्तर देता आले नाही, तर सही करू नका.